घाटातलं ओझं

फार वर्षांपूर्वी सुभानजी कल्हईवाला आपल्या छपराच्या घोडागाडीतच संसार थाटून गावोगाव फिरायचा. चंद्री घोडी गाडी ओढायची आणि खंड्या कुत्रा शेजारून धावायचा.

एकदा घाट चढताना म्हाताऱ्या खंड्याचा पाय लचकला. तो मागे पडू लागला.

"तुम्ही व्हा पुढे, मी येतो सावकाश," तो चंद्रीला म्हणाला.

चंद्री चार पावलं गेली आणि मान वळवून उभी राहिली. सुभानजीनं किती चुचकारलं, तरी ती हलेना. मग तिची नजर कुठे लागली आहे ते त्याच्या ध्यानात आलं. त्यानं खाली उतरून खंड्याला गाडीत ठेवलं आणि पुन्हा आपल्या जागी बसून लगाम धरला.

"तुझं ओझं वाढवलं मी," खंड्या ओशाळून म्हणाला.

"सारखं मागे बघत ओढण्यापेक्षा हे हलकं आहे," चंद्री म्हणाली आणि चढाला लागली.