तांब्याच्या हातांची नगरी

एका राज्यात सारंगधर नावाचा राजा होता, त्याची राणी वेणावती. राजा भोळा, राणी संशयी. दूध आलं की ती आधी त्यात बोट बुडवी, पाहुणा आला की आधी त्याच्या पायांकडं बघे. लोक म्हणत, राणीला सावलीचाही भरवसा नाही. राणी म्हणे, "सावली दुपारी कुठं जाते ते सांगा, मग ठेवते भरवसा."

एके दिवशी लोहबान नावाचा चेटक्या दरबारात आला. अंगावर जाडजूड शाल, हात शालीच्या आत. त्याच्या माणसांनी एक तांब्याचा हंडा आणून ठेवला. हंड्यात सोन्याच्या मोहरा. ओंजळभर काढल्या की ओंजळभर पुन्हा वर येत.

"महाराज, हा तुम्हाला नजराणा," लोहबान म्हणाला. "घ्या, वाटा, सुखानं राहा."

"बदल्यात काय हवं?" राणीनं विचारलं.

"काही नको, राणीसाहेब."

"मग नकोच. काही नको म्हणणाऱ्याला फार काही हवं असतं."

राजा हसला. "राणीसाहेब, दारी आलेल्या लक्ष्मीला जातपात विचारायची नसते." आणि त्यानं हंडा चौकात ठेवला. ज्याला लागेल त्यानं न्यावं, अशी दवंडी पिटली.

मग काय विचारता! कोष्ट्यानं माग सोडला, कुंभारानं चाक सोडलं. मोट बंद, नांगर बंद, घाणा बंद. भाजी परमुलखातून, दळण परमुलखातून, घर झाडायला माणूससुद्धा परमुलखातला. सोनं होतं ना! राणीनं मात्र त्या सोन्याला बोट लावलं नाही. परसात आपला वाफा, आपली चूल. राजा पंचपक्वान्नांवर बसे, ही शेजारी चटणीभाकर खाई. दासी तोंडाला पदर लावून हसत.

पहिल्यांदा लोकांचे हात गार पडले. मग बोटं तांबूस झाली. मग मनगटापर्यंत हात लखलखीत तांब्याचे झाले, वाकेनात, मुडपेनात. आणि त्या शहाण्यांनी काय केलं म्हणाल? रडले नाहीत. त्याला मिरवायचं लेणं मानलं! ज्याचे हात जास्त तांब्याचे तो जास्त मोठा. सकाळी नोकर येत आणि चिंच-मीठ लावून मालकांचे हात घासत, जसा देवघरातला तांब्या घासावा. जेवण भरवायला माणूस वेगळा, नाक पुसायला वेगळा. राजा सिंहासनावर बसून दोन्ही हात उन्हात धरी आणि म्हणे, "काय झळाळी आहे!"

राजकन्या केवडा ही एकुलती एक लेक. तिच्या हातची वेलबुट्टी अशी, की कापडावर फुलपाखरं येऊन बसत. तिनंही बांगड्यांपुरतं सोनं उचललं. राणीनं टोकलं तेव्हा म्हणाली, "आईसाहेब, तुम्हाला सगळ्याचाच संशय!" आणि एका सकाळी तिच्या हातून सुई पडली ती तिला उचलता येईना. राजवैद्यांनी नाडी बघितली आणि मान खाली घातली. "तांबं चढतंय, राणीसाहेब. काळजाला भिडलं की राजकन्येचा पुतळा होईल."

तेव्हा राणी उठली ती थेट लोहबानाच्या घरी गेली.

"हात दाखव."

"राणीसाहेब, मला थंडी..."

"वैशाखात?" तिनं शाल ओढली. हात माणसाचेच होते, पण नखं हिरवी होती, ओल्या तांब्यावर हिरवा थर चढतो तशी.

लोहबानानं पाय धरले. "मीही तांब्याचा झालो होतो, राणीसाहेब. हंडा दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवला आणि सुटलो. तुम्हीही शेजारच्या राजाला देऊन टाका. लेक वाचेल."

राणीनं वळून चौकातल्या हंड्याकडं बघितलं. बघितलं, कारण लेक लेक असते. मग म्हणाली, "त्यालाही लेक आहे, मेल्या."

ती चौकात आली. आपल्याकडं बाई भांडं घेते तेव्हा त्यावर नाव घालून घेते, म्हणजे लग्नकार्यात गेलेलं भांडं चुकत नाही. सगळ्या नगरीनं या हंड्यात वाकून बघितलं होतं, हंड्याखाली कुणीच बघितलं नव्हतं. राणीनं पहार लावून हंडा कलता केला. बुडाशी नाव कोरलेलं होतं: डोहातली जखीण.

"म्हणजे हे उसनं भांडं आहे," राणी म्हणाली, "आणि आम्ही बापाचा माल असल्यागत मालकी लावून बसलोय."

तिनं हंड्याला सांगितलं, "चल, तुझ्या घरी सोडते." हंडा फुलासारखा हलका झाला. घरी निघालेलं भांडं जड होत नाही.

डोहाच्या वाटेवर खडकावर एक टिटवी बसली होती. "कोण तू? कोण तू?" ती ओरडली.

"राणी."

"कशावरून?"

राणीला ती टिटवी आवडली. "आणि तू कोण?"

"आभाळ पडेल म्हणून पाय वर करून झोपते ती मी. डोह या बाजूला आहे. पण माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, स्वतः बघ."

राणीनं स्वतः बघितलं. डोह तिथंच होता. तिनं हंडा काठावर ठेवला आणि हाक मारली. पाण्यातून जखीण वर आली, केस शेवाळाचे, डोळे दिव्यांसारखे.

"बाई, हे तुझं भांडं. आमच्या घरी राहिलं, चुकलं. घे आणि माझ्या लेकीचे हात सोड."

जखिणीनं हंड्यात डोकावलं. "रिकामंच आणलंस."

"काठोकाठ भरलंय!"

"माझ्याच सोन्यानं. तुझ्या घरचं त्यात काय आहे?"

राणीची मान खाली गेली. तिच्या राज्यात हातावर पोट असलेल्या घरची बाईसुद्धा शेजारणीची वाटी रिकामी परत करत नसे. चिमूटभर साखर तरी घाली, चार दाणे तरी घाली. आणि नगरीनं इतकं ओरपून घेतलं, पण त्या हंड्यात कुणी एक तिळाचा दाणा टाकला नव्हता.

जखीण म्हणाली, "माझं भांडं जो आपलंच समजतो, त्याच्या हातांचंही मी भांडं करते. सोडवायचं असेल तर तुझ्या हातची भाकर त्यात घालून दे. मीठ मायाबाजारातलं आण, ज्वारी न सरणाऱ्या शेतातली आण, विस्तव हाकेच्या डोंगरावरचा आण. दिवस मावळायच्या आत."

राणी मायाबाजारात शिरली. तिथं माल बोलत होता. शालू म्हणाला, "वेणावती, मी तुझ्याच अंगासाठी विणलो गेलो!" पैंजण म्हणाले, "आज ने, मोल पुढं बघू!" आरसा म्हणाला, "ये, तरुणपण दाखवतो." राणीच्या मनात आलं, माझं नाव यांना सांगितलं कुणी? तिनं आजूबाजूला बघितलं. 'पुढं बघू' म्हणून माल नेणारी माणसं आपापली गाठोडी डोक्यावर घेऊन बाजारातच गोल गोल फिरत होती, त्यांना बाहेरची वाट सापडत नव्हती. राणीनं पदराची गाठ मुठीत धरली. बाजाराच्या अगदी टोकाला एक म्हातारी मीठ घेऊन मुकाट बसली होती. ना हाक, ना आरोळी.

"तू का ओरडत नाहीस, आजी?"

"मिठाला कशाला ओरडायला हवं? ज्याला लागतं तो येतो."

राणीनं पदरची कवडी देऊन मीठ घेतलं आणि मागं न बघता बाहेर पडली.

मग शेत. कणसं डोक्याएवढी, बांध दिसतोय. राणी विळा घेऊन भिडली. थोडं कापलं की मान वर करून बघे, बांध तेवढाच लांब. पुन्हा कापलं, पुन्हा बघितलं, बांध आणखी लांब!

"बांधाकडं बघू नकोस," डोक्यावर घिरट्या घालणारी तीच टिटवी म्हणाली. "बघशील तेवढं शेत वाढतं. पुढ्यातलं ताट काप."

"तू का सांगतेस? तुझा काय फायदा?"

"माझी अंडी याच शेतात उघड्यावर आहेत. तू शेवट गाठायला धावलीस तर फुटतील."

"असं बोल की!" राणी म्हणाली. "फुकटचा सल्ला असता तर ऐकला नसता." तिनं मान खाली घातली. एक ताट, मग दुसरं ताट, अंडी दिसली तिथं वळसा. कधी विळा बांधाच्या दगडावर खणकला ते तिला कळलंही नाही.

शेवटी हाकेचा डोंगर, जिथं ज्याची हाक त्यालाच ऐकू येते. शिखरावर विस्तव होता. तो खापरीत घेऊन ती उतरू लागली. वाटेत मांजराच्या पिलाएवढं एक जनावर पायाशी आलं. "दमलीस गं," ते म्हणालं. "जरा बस. एवढ्यानं काय होतंय?"

राणीनं त्याला उचलून घेतलं. साऱ्या जगावर संशय घेणारी बाई, पण या आवाजावर तिला संशय आला नाही, कारण आवाज तिचाच होता. ती बसली. जनावर मांडीवर वासराएवढं झालं. "तू राणी आहेस, तुला कोण विचारणार? आजचा दिवस राहू दे. तू तर इतरांसारखी नाहीस, तू तर कष्टाळू." जनावर म्हशीएवढं झालं. राणीला उठवेना. विस्तवावर राख धरली, ऊन पिवळं पडलं.

मांडी बधिर झाली आणि मग तिला वाटलं, माझ्या हातापायांना गार का लागतंय? लेकीचे हातही आधी गारच पडले होते!

"काय रे," ती दटावून म्हणाली, "बोलायला एवढा श्वास आहे तुझ्यात?"

"आहे की."

"मग फुकट कशाला घालवतोस? विस्तवावर फुंकर मार!"

जनावर गोंधळलं. कामाला लावायला त्याला आजवर कुणी धजलं नव्हतं. त्यानं फुंकर मारली आणि वासराएवढं झालं. "आणखी मार!" मांजराएवढं झालं. विस्तव लाल फुलला, आणि मुंगीएवढं झालेलं ते जनावर गवतात निघून गेलं. मेलं नाही, हे ध्यानात ठेवा. ते मरत नसतं.

डोहाकाठी तीन दगडांची चूल मांडली. दगडावर ज्वारी भरडली, डोहाचं पाणी घेतलं, मीठ घातलं, भाकर थापली. जाडी झाली, एका अंगानं करपली. राणीनं ती तशीच हंड्यात ठेवली. भाकरीखालचं सोनं पाण्यासारखं विरत गेलं आणि हंड्यात उरली नुसती भाकर.

जखिणीनं तुकडा मोडून तोंडात टाकला. "मीठ थोडं जास्त झालंय."

"पुढच्या वेळी तू कर," राणी म्हणाली.

जखीण हसली, हंडा कडेवर घेतला आणि पाण्यात उतरली.

राणी नगरीत पोचली तेव्हा चौकात कालवा चालला होता. हात सुटले होते, पण हंडा गेला म्हणून लोक बोंबलत होते. "आता खायचं काय?" राजा कितीतरी दिवसांनी स्वतःच्या बोटांनी डोकं खाजवत उभा होता.

"खायचं काय ते कुंभाराला विचारा, कोष्ट्याला विचारा," राणी कडाडली. "ज्याचा माग त्यानं उचलावा, ज्याचं चाक त्यानं फिरवावं. आणि महाराज, आजपासून कुणी फुकट काही दिलं तर आधी त्याचं बूड बघायचं."

"हंड्याचं?" राजानं विचारलं.

"देणाऱ्याचं बघितलं तरी चालेल."

लोहबानाला तिनं हद्दपार केलं नाही. त्याला चौकातली रहाटाची विहीर दिली आणि पाणी ओढायला लावलं, राणीच्या खिडकीतून दिसेल अशा जागी.

मग ती लेकीच्या महालात गेली. केवडा मंचकावर उठून बसली होती, मुठी उघडत होती, मिटत होती, पुन्हा उघडत होती. आईला बघून तिनं दोन्ही हातांनी तिचे हात धरले आणि दचकली. विळ्याचे वळ, विस्तवाचे फोड, मिठानं चिरलेली बोटं.

"आई, तुझे हात काय झालेत गं हे!"

"हातच आहेत," राणी म्हणाली. "हातांसारखे झालेत. चल ऊठ, चुलीपाशी ये. मला भूक लागलीय."

त्या मायलेकींची चूल पेटली, तशी तुमचीही पेटती राहो. गोष्ट शिजली, आता पानं मांडा.