जास्वंदीतलं घरटं

फार पूर्वीची गोष्ट. म्हणजे आरशात आपलं तोंड सोडून जगातलं बाकी सगळं दिसायचं, त्या काळातली.

एका गावात एक आई आणि तिची लेक राहायच्या. आईचे डोळे देवीच्या साथीत गेले होते. दिवसभर ती ओटीवर बसून चाचपत पत्रावळी लावायची. लेक रानातून पळसाची पानं घेऊन आली की आई विचारायची, "आज नवीन काय दिसलं गं?" लेक सांगेल तेवढंच तिचं जग.

पण लेक कंटाळली. रोज तीच वाट, तेच अंगण, नवीन आणायचं तरी कुठून? तशात दारावर बोहारीण आली. जुन्या लुगड्यांच्या बदल्यात तिने पातेल्याऐवजी एक आरसा पुढे केला. म्हणाली, "बोट फिरवलंस की नवीन दिसेल. एकदा दिसलेलं पुन्हा दिसायचं नाही."

लेकीने बोट फिरवलं. समुद्र दिसला, हत्ती दिसले, कुठल्याशा राणीची वेणी दिसली. चूल विझली तरी तिचं बोट काही थांबेना. आईने विचारलं, "आज नवीन काय दिसलं गं?"

"खूप काही," लेक म्हणाली. आठवायला गेली, तर एकही धड आठवेना.

त्याच दिवसांत अंगणातल्या जास्वंदीत बुलबुलाने घरटं केलं.

"पिल्लांचा आवाज येतोय. किती आहेत, कशी दिसतात, बघून सांग ना," आई म्हणाली.

"बघते. एवढं एक होऊ दे."

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. जास्वंद दहा पावलांवर होती हो, पण हिचं एवढं एक काही संपेना. शेवटी आईने विचारणंच सोडलं.

आठवडा गेला. आई हल्ली काहीच विचारत नाही, हे एकदाचं लेकीच्या ध्यानात आलं आणि तिला कसंसंच झालं. आईला बरं वाटावं म्हणून ती म्हणाली, "आई, तीन पिल्लं आहेत. गुबगुबीत. चोची वासून बसलीत बघ."

आईचे हात पानावर थांबले. "काल सकाळीच उडून गेली गं ती," ती हळू म्हणाली. "मी ऐकलं."

लेकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिला हिच्याशिवाय दुसरे डोळे नव्हते, तिलाच हिने खोटं दाखवलं होतं. आरसा तिथेच टाकून ती जास्वंदीपाशी गेली. घरटं रिकामं होतं. तरी ती पुष्कळ वेळ बघत राहिली. मग ते अलगद काढून तिने आईच्या ओंजळीत ठेवलं.

"पिल्लं मी पाहिलीच नाहीत, आई. खोटं बोलले. पण घरटं नीट बघितलं. बाहेरून काड्या आहेत, कोळ्याचं जाळं आहे. आणि आत पांढऱ्या केसांचं अस्तर आहे. तुझ्या केसांचं. तू विंचरून टाकतेस ना, ते."

आईने आत बोट फिरवलं. "म्हणजे माझ्या केसांत निजत होती ती," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

पिल्लं काही परत आली नाहीत. बोहारीण आली तेव्हा लेकीने आरसा देऊन पातेलं घेतलं. त्या संध्याकाळी आईने पुन्हा विचारलं, "आज नवीन काय दिसलं गं?"

तात्पर्य: जवळचं नीट बघणाऱ्याला नव्याची वाण पडत नाही, फक्त ते पिल्लं उडायच्या आत बघावं.