उलटी टोपली

नदीकाठच्या एका गावात एक म्हातारा नावाडी राहत होता. उभा जन्म त्यानं माणसं पैलतीराला नेली. पण म्हातारपणी त्याचं डोकं रितं होत चाललं. जेवून उठला की म्हणायचा, "मला कुणी वाढलंच नाही." सुनेला म्हणायचा, "बाई, पलीकडे जायचंय का? बसा." आणि तिला बाजेवर बसवायचा.

मुलगा दिवसभर नावेवर. घरात सून, तिची तान्ही लेक आणि म्हातारा. सुनेचा जीव नुसता टांगणीला लागलेला.

त्या गावात एक रीत होती. घरात काम जास्त आणि हात कमी पडले, की उंबऱ्यावर टोपली उलटी ठेवायची. जाणाऱ्यायेणाऱ्यानं काही न विचारता आत जाऊन हात लावायचा.

सुनेनं एकदा टोपली उचललीही. पण उंबऱ्यापाशी तिचं पाऊल अडखळलं. 'लोक म्हणतील, सुनेनंच म्हाताऱ्याला वेड लावलं. उद्या माझ्या लेकीला कोण करून घेईल?' तिनं टोपली परत खुंटीला टांगली.

शेजारच्या परटिणीनं घाटावर विचारलं, "काय गं, सासरे दिसत नाहीत अलीकडे?"

"त्यांना काय धाड भरलीय! परवाच होडी घेऊन पैलतीराला जाऊन आले." सून खोटं बोलून गेली.

एके दिवशी लेक तापानं फणफणली. सुनेनं दाराला बाहेरून दोरीची पक्की गाठ मारली आणि पोरीला उचलून वैद्याकडे धावली. पण म्हाताऱ्याचं डोकं विसरलं होतं, नावाड्याची बोटं गाठी विसरली नव्हती. फटीतून हात घालून त्यानं गाठ सोडवली.

सून परतली तर दार सताड उघडं. ती तशीच नदीवर पळाली. घाटावर परटीण ऊर बडवत होती.

"मला म्हणाले, माझी जुनी होडी जरा ढकल गं पोरी. तूच म्हणाली होतीस ना, अजून जातात म्हणून? दिली ढकलून. मध्यधारेत गेले नि उभे राहिले. या काठाकडे बघितलं, त्या काठाकडे बघितलं. कुठं जायचं तेच कळेना गं त्यांना! वल्हं सुटलं हातातलं, तोल गेला नि..."

सून पोरीसकट पाण्याकडे धावली. परटिणीनं तिला मागं ओढलं.

"एकदा टोपली ठेवायचीस गं," परटीण रडत म्हणाली. "घटकाभर बसले असते मी त्यांच्यापाशी."

"आणि तू तरी? भिंतीला भिंत लागून आपली. एकदा तरी उंबरा ओलांडून आलीस?"



दुसऱ्या दिवशी खालच्या वळणाला म्हातारा सापडला. सुनेनं उंबऱ्यावर टोपली उलटी ठेवली. सारा गाव धावून आला. पण आता काम एकच उरलं होतं, खांदा देण्याचं.

तात्पर्य: विसरत चाललेलं माणूस दोनच हातांनी सांभाळलं जात नाही; ते झाकून ठेवलं, तर आधाराला येणारा हातच नकळत त्याला लोटून देतो. आणि शेजाऱ्यानं टोपली उलटी व्हायची वाट बघू नये.