खड्डा साऱ्यांनी केला

नदीपलीकडच्या खाणगावात डोमाजी नावाचा एक मुकादम राहत होता. त्याच्या टोळीची रीत मोठी छान होती. दुपारी सगळ्यांनी आपापल्या भाकरी एकाच दुपट्ट्यावर ठेवायच्या आणि मिळून खायच्या. कोणाची भाकरी कोणी खाल्ली, हे विचारायचं नाही.

पुढे खाण संपली. मालकाने फाटकाला कुलूप लावलं, टोळी घरी बसली. काम उरलं होतं एकच. पावसाळ्याआधी खड्डा बुजवून वर झाडं लावा, असा सरकारचा हुकूम होता.

मालकाचा मुनीम गुपचूप डोमाजीकडे आला. "धडधाकट असतील तेवढेच निवड. मुकादमी तुझीच. बाकीच्यांना कळू देऊ नकोस."

"हो म्हणा की!" बायको आतून म्हणाली. "चूल काय तुमच्या तोंडाकडे पाहून पेटणार आहे?" तिचंही खरंच होतं म्हणा. डबे रिकामे झाले होते.

डोमाजी निवडायला निघाला. पहिल्याच घरी म्हातारा बकाराम खोकत पडला होता. शेजारी टोळीतलीच विधवा तुळसाबाई दार लोटून एकटीच कण्या खात होती, चोरी केल्यासारखी. डोमाजीने निवड तिथेच सोडली. तो तडक फाटकाशी गेला, खांद्यावरचा दुपट्टा अंथरला आणि टोळीला बोलावून मुनिमाचं सगळं बोलणं सांगून टाकलं.

"निवडून घ्यायला आम्ही काय वांगी आहोत?" तुळसाबाई कडाडली. "खड्डा साऱ्यांनी केला, बुजवतील बी सारेच!"

हे कळताच मुनीम चिडला. त्याने दुसऱ्या गावाहून मजूर आणले. ते आले तेव्हा टोळी फाटकाशीच, घरात उरलंसुरलं दुपट्ट्यावर ठेवून जेवायला बसत होती. बकारामने हाक दिली, "या पाहुणे, उपाशी काहून जाता?" मजूर संकोचत बसले. आपण कोणाच्या कामावर आलोय, हे त्यांना जेवताना कळलं. त्यांच्या म्होरक्याने मुनिमापुढे फावडं टाकलं.

"यांच्या घासातला घास खाल्ला, साहेब. आता यांच्याच पोटावर पाय देऊ? आमची शेतं आहेत, चाललो आम्ही."

आभाळ भरू लागलं, मुनिमाला घाम फुटला. झक मारत आला. "या बाबा, सगळे या!"

"बकारामही?" डोमाजीने विचारलं.

"तोही! रोपांना पाणी घालेल."

दुसऱ्या दिवशी डफडं वाजवत अख्खी टोळी आत शिरली. पुढे तुळसाबाई, डोक्यावर रोपांची टोपली. मुनीम अंग चोरून वाट देत उभा होता.

तात्पर्य: पडत्या काळात जो दुबळ्यालाही सोबत धरून ठेवतो, त्याच्यामागे सगळ्यांचं बळ उभं राहतं.