पाइप, केबल आणि टिकाव

टिकावाचा तो ‘खण्ण’ आवाज ऐकून फार वर्षं झाली. आमच्या चौकाकडं जाणाऱ्या रस्त्याखाली पाण्याचा पाइप आणि विजेची केबल शेजारी राहत. पाइपाचं पाणी चौकातल्या हौदात पडे, आणि एक म्हातारी गाढवीण रोज तिथं पाणी पिई.

एकदा रस्ता खणायला आलेल्या टिकावानं आधी विचारलं, “पाइपदादा, कुठं आहात? जपून मारतो.”

“आमची वाट परक्याला सांगत नाही.”

“केबलताई, तुम्हाला ठाऊक असेल?”

“दुसऱ्याच्या घरचं मी कशाला सांगू?”

टिकाव अंदाजानं पडला. पाइप फुटला. पाणी केबलीत शिरलं, तीही गेली.

“सांगायचं होतंस गं,” पाइप कण्हला.

संध्याकाळी गाढवीण आली. कोरड्या हौदाला तोंड लावून ती तहानलेलीच निघून गेली.