इलाही मिस्त्रींची सही

"चाचा, सहीला अजून काय कमी पडतंय?"

तनुजा खोतनं वही चौथ्यांदा पुढे केली. ओतकामाच्या अभ्यासक्रमाचा मोबाईलवरचा भाग तिनं अठ्ठ्याण्णव गुणांनी काढला होता, आणि हे एव्हाना फाउंड्रीतल्या भट्टीलासुद्धा पाठ झालं होतं. कारखान्यातल्या सहा महिन्यांवर इलाही मिस्त्रींची सही झाली की प्रमाणपत्र. नाहीतर सगळं मुसळ केरात.

मिस्त्रींनी ढिगातली काळी वाळू तिच्या हातावर ठेवली.

"किती वली हाय?"

"यंत्र साडेतीन टक्के दाखवतंय. बरोबर आहे."

"यंत्राला न्हाई इचारलं."

तिनं रागानं मूठ आवळली. उघडली. वाळू तळहाताला चिकटून राहिली.

तिनं ढिगाच्या पोटात हात घातला, दुसरी मूठ काढली. तीही चिकटली...

पलीकडे तापलं लोखंड भट्टीतून निघालं होतं. याच वाळूचे चाळीस साचे मांडून तयार होते.

"थांबा! ओतू नका!"

सगळे थांबले.

"यंत्र तर बरोबर म्हणतंय की," मिस्त्री म्हणाले.

"यंत्रात वरची सुकलेली वाळू घातलीय, चाचा. नमुना पोटातनं घ्यायचा, अकराव्या धड्यात आहे. आणि ही हाताला चिकटतीय! ओल्या साच्यात लोखंड पडलं तर वाफेनं अंगावर उडंल."

"चाळीस साचं मोडायचं? सकाळपास्नंची मेहनत हाय पोरांची. चुकलीस तर?"

तनुजानं वही त्यांच्या हातात दिली.

"चुकले तर वही फाडून टाका."

पोटातली वाळू यंत्रात गेली. आकडा सहावर थांबला.

लोखंड भट्टीत परत गेलं, साचे मोडायला सुरुवात झाली. तनुजाला रडू येत होतं, पण मान ताठ होती. इतका अभिमान तिला निकालाच्या दिवशीही वाटला नव्हता. अठ्ठ्याण्णवाची तर तिला आठवणही राहिली नाही.

"आता तरी सही करा की, चाचा."

मिस्त्रींच्या खिशाला पेन होतं. त्यांनी ते काढलं नाही. तिचा काळा हात मनगटाला धरला आणि 'प्रशिक्षकाची सही' लिहिलेल्या चौकोनावर दाबला. चौकोन पुरला नाही, पाचही बोटं पानभर उमटली.

"अहो चाचा! ह्याचा फोटो मोबाईलवर चढवायचा असतो..."

"चढीव की. त्यालाबी शिकू दे."