शेवंताआत्याचं नाक

“आणि समज, भट्टीवाल्याचं नाकच गेलं तर...?”

माणिकनं हे असं विचारलं, जणू परगावच्या कुणाचीतरी गोष्ट आहे. शेवंताआत्यानं मान वर केली नाही. ती बकऱ्याच्या तंगड्यांना मीठ-हळद चोळत होती.

घोडक्यांच्या खानावळीत धुरीचं मटण खायला लोक तीन तालुक्यांतून येतात. कसब सगळं मागच्या धूरघरात. लाकूड पेटलं की आधी कडू धूर येतो. तो सरला की मटण टांगायचं; आधी टांगलं तर कडू जहर होतं. आत मिट्ट काळोख, डोळ्यांचा काही उपयोग नाही. आत्या नुसती दारात उभी राहायची आणि म्हणायची, “टांगा.” त्या नाकाची ख्याती ऐकूनच माणिक शहरातल्या मोठ्या हॉटेलातली नोकरी सोडून आला होता. आपलंही नाक तसंच, असं तो नऊ वर्षं चारचौघांत सांगत होता.

आज भट्टी त्याच्या हाती यायची होती. आणि दोन महिन्यांपूर्वीच्या तापापासून त्याला वास येणंच पार बंद झालं होतं. आत्या नसताना दोनदा त्याच्या हातून मटण कडू झालं, तेव्हा त्यानं लाकूडवाल्याला फैलावर घेतलं आणि वेळ मारून नेली. आता काही सुटका नव्हती.

“कुणाचं नाक गेलं?” आत्यानं विचारलं.

माणिक भट्टीची लाकडं रचायला लागला.

आत्यानं हात धुतले. कोनाड्यातून एक बाटली काढली, बूच काढून आधी स्वतः हुंगली. मग त्याच्या नाकाशी धरली.

“सांग, काय हाय?”

माणिकनं जोरात श्वास ओढला. काहीच नाही. आत्याच्या चेहऱ्यावरून काही कळतंय का, तेही पाहून झालं.

“...गोडंतेल?”

“आसंल. मला काय ठावं?” आत्यानं बूच लावलं. “सूनबाईला इचारावं लागंल. बावीस वर्सं झाली, मला कशाचाच वास येत न्हाय.”

माणिक मटकन खाली बसला. आधी त्याला हसू फुटलं, मग डोळे भरून आले, मग पुन्हा हसू. दोन महिन्यांत त्याला पोटभर श्वास घेतल्यासारखं पहिल्यांदाच वाटत होतं.

“माझंबी गेलंय, आत्या.”

“उठ.”

तिनं त्याला धूरघराच्या दारात उभं केलं आणि तोंड उघडायला लावलं. धूर जिभेवर आला. जीभ चरचरली, घसा आवळला. तो खोकत मागं सरकला. आत्यानं पाठीला हात लावून त्याला तिथंच उभं ठेवलं. बराच वेळ गेला... हळूहळू चरचर कमी झाली. मग धूर जिभेवरून नुसताच जाऊ लागला, ऊन लागावं तसा.

आत्यानं पाठीवरचा हात काढून घेतला.

“टांगू?” त्यानं विचारलं.

तिनं एक तंगडी उचलून त्याच्या हातात दिली.

दुपारी पहिल्या पंगतीत कुणी नावं ठेवली नाहीत. दोघांनी तर मागून घेतलं. ताटं उचलताना माणिकला एवढं हलकं वाटत होतं, की मनातलं तो विचारून बसला.

“आत्या, बावीस वर्सं झाली. एकदाबी सांगितलं न्हाईस?”

आत्यानं पदरानं तोंड पुसलं.

“सांगितलं असतं, तर माझ्यापाशी शिकाया आला असतास व्हय?”